पेला, परवाना आणि पारख



आजचा विषय आहे मद्य आणि त्याची पारख. विषय ऐकून काही जण उत्सुकतेनं आले असतील, काही जण कपाळाला आठ्या घालून. दोघांचंही स्वागत. मी दारूची जाहिरात करायला उभा नाही आणि दारूबंदीचं कीर्तन करायलाही नाही. मी तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे प्रश्न जरा वेगळा घेतलाय.

चार मित्र बसलेत असं समजा. एक जण म्हणतो, ही बियर जरा जास्त कडू आहे. दुसरा म्हणतो, या व्हिस्कीला धुराचा वास आहे. तिसरा वाईनचा पेला नाकाशी नेऊन म्हणतो, पेरू आठवतो बघा. चौथा हसतो आणि म्हणतो, तुम्हाला सगळ्यांना चढलीय. या गप्पांना आपण रसिकता म्हणतो. आता याच तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर चार माणसं मोहाची घेऊन बसली आणि म्हणाली, यंदाची गेल्या वर्षीपेक्षा बरी उतरलीय. त्या गप्पांना आपण काय म्हणतो? त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, गुन्हा. जीभ दोघांनाही सारखीच आहे. मग एकाची ती ‘पारख’ आणि दुसऱ्याची ‘केस’, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं? आजचं व्याख्यान एवढ्यापुरतं आहे.

आधी तत्त्वज्ञानाचं बघू, थोडक्यात. डेव्हिड ह्यूम नावाचा स्कॉटिश तत्त्वज्ञ होता. १७५७ मध्ये त्यानं अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला, आणि त्यात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली एक गोष्ट सांगितली. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाईन चाखायला बोलावतात. एक म्हणतो, वाईन चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, चांगलीच आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पुढं पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते. चामड्याची वादी बांधलेली! ह्यूमचं म्हणणं असं, की चव ही निव्वळ ज्याची त्याची आवड नसते. जिभेला जे कळतं ते बरेचदा वस्तूत खरोखर असतं. फक्त ते ओळखायला सराव लागतो, तुलना लागते आणि मनात पूर्वग्रह नसावा लागतो.

कांटनं १७९० मध्ये याला वेगळं वळण दिलं. तो म्हणतो, कॅनरी बेटांची वाईन गोड लागते असं म्हणू नका, ‘मला’ गोड लागते असं म्हणा. सौंदर्याबद्दल आपण सगळ्यांची सहमती मागू शकतो, जिभेच्या सुखाबद्दल नाही. या दोघांत कोण बरोबर, यावर वर्गात आमचा तासच्या तास जायचा. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीय. ती अशी, की पिणारा माणूस चारचौघांत, उघडपणे, घाई न करता पितोय. पेल्यात काय आहे हे त्याला माहीत आहे, आणि त्याबद्दल बोलायला त्याच्याकडे शब्द आहेत. आपल्या मुलखाचा इतिहास नेमका या गृहीतकापाशी येऊन अडतो.

आपल्याकडे पूर्वी ही तुलना नव्हती असं समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक पूर्ण प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार त्यात कृतीसकट दिलेत. मधु म्हणजे द्राक्षाच्या रसाचं मद्य. ते ज्या प्रदेशातून येतं त्यावरून त्याची नावं पडली, कापिशायन आणि हारहूरक, असं तिथं सांगितलंय. आज फ्रेंच लोक गावाच्या नावानं वाईन ओळखतात आणि आपण त्याचं कौतुक करतो. ती कल्पना इथं इतकी जुनी आहे. पानागारात वेगवेगळ्या खोल्या असाव्यात, बसायला आसनं असावीत, ऋतूप्रमाणे फुलं, सुगंध, पाणी असावं, असाही नियम आहे. आणि तिथंच हेर बसवा, कोण ऐपतीबाहेर खर्च करतोय ते बघा, असाही! म्हणजे सोयही सरकारी आणि पाळतही सरकारी. पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. उत्सव, मेळे, यात्रा यांच्या वेळी लोकांना चार दिवस स्वतः मद्य करण्याची मुभा त्यात आहे. म्हणजे मद्यावर इतकी घट्ट पकड ठेवणाऱ्या राज्यानंही सणाची दारू लोकांकडे सोडली होती.

पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाईन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, शिवाय लाओडिकेयाची आणि अरबस्तानची. आता ही पसंती कुणाची? इथल्या गिऱ्हाइकांची. पैठण आणि तेरचा माल ज्या बंदराला जात होता, त्याच बंदरातली ही गोष्ट. तीन देशांच्या वाईनमध्ये फरक करणारी माणसं तेव्हा या बाजूला होती, असा याचा सरळ अर्थ आहे.

आणि आपल्या तालुक्यापुरतं बोलायचं तर सप्तशृंगगडाकडे बघा. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर मार्कंडेय ऋषींनी देवीचं माहात्म्य सांगितलं, अशी आपली श्रद्धा. त्या सप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात महिषासुराला मारण्याआधी देवी मधुपान करते. नवरात्रात घरोघरी हा पाठ होतो. मी हे कुणाच्या भावना दुखवायला सांगत नाही. पेय पवित्र की अपवित्र, हे आपल्या परंपरेत एका ओळीत निकाली निघालेलं नाही, एवढंच सांगतोय. देवीचा विषय पुढं पुन्हा येणार आहे, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आता मोहाकडे येऊ. चैत्राच्या सुमारास मोहाची फुलं पहाटे गळतात. बायका आणि पोरं ती उजाडता उजाडता वेचतात. फुलं वाळवायची, काही दिवस पाण्यात भिजवून आंबवायची, मग मडक्यात घालून खाली जाळ लावायचा. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड करायची. सुरुवातीला जी धार येते ती कडक, पुढची सौम्य होत जाते. ‘पहिल्या धारेची’ हा आपला शब्दप्रयोग इथूनच आलाय. ज्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही ते सज्जनसुद्धा एखाद्या जहाल भाषणाला पहिल्या धारेचं म्हणतात. भट्टीवरची पारख भाषेत राहिली आणि पारख करणारा मात्र पुसला गेला.

तो कसा पुसला गेला? १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. तोवर गावोगावच्या छोट्या भट्ट्यांवर दारू निघत होती. नव्या व्यवस्थेत मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या आल्या, विक्रीचे मक्ते आले, प्रत्येक थेंबावर कर आला, आणि घरी गाळणं हा अपराध ठरला. मुंबईच्या मजुराची रोजची दारू त्या काळी मोहाचीच होती, हे आज सांगितलं तर खरं वाटत नाही. उरणला तिच्या भट्ट्या होत्या आणि फुलं गुजरातच्या पंचमहालातून यायची. म्हणजे सरकारला मोहाचं वावडं नव्हतं. मोह गाळायचा कुणी, एवढाच प्रश्न होता. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवण्यावर बंधनं आली. ज्या फुलांवर आदिवासी घरात टंचाईचे दिवस निघत, भाकरीची जोड म्हणून जी खाल्ली जात, ती फुलं घरात असणं संशयास्पद ठरलं. अबकारी हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाला. दुकानाचा मक्ता सहसा बाहेरच्या माणसाकडे, ठाणे आणि सुरत भागात बहुधा पारशी व्यापाऱ्याकडे. उधारीवर दारू, उधारीपोटी जमीन, आणि मग त्याच जमिनीवर मजुरी. हे चक्र सुरू झालं.

सणाला देवापुढं धार सोडून, सगळ्या गावानं मिळून घ्यायचं पेय आता दुकानात, एकट्यानं, उधारीवर प्यायचा माल झालं. चव बघून नको म्हणायची सोय राहिली नाही. तुलनेचा तर प्रश्नच मिटला. एकच दुकान, एकच माल!

याच पार्श्वभूमीवर १९२२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या बाजूनं किनाऱ्यावरून एक देवी निघाली. मूर्ती नाही, देऊळ नाही. ती माणसांच्या अंगात यायची आणि बोलायची. सलाबाई असं तिचं नाव सांगत. डोंगर चढून ती नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात आली, सुरगाण्यात, डांगात, पुढं खानदेशात आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोचली. गावोगाव मांडव पडले, हजारो आदिवासी जमले. देवी काय सांगत होती? दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. सुरतेकडे आणखी एक आज्ञा होती. दारूचा धंदा करणाऱ्या पारशाकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ मध्ये या चळवळीवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. त्याचा मुद्दा असा, की ही बाहेरून कुणी शिकवलेली दारूबंदी नव्हती. गांधीवादी कार्यकर्ते तिथं नंतर पोचले. आदिवासींनी स्वतः, आपल्या देवीच्या तोंडून, मक्तेदाराच्या हातातलं हत्यारच बोथट केलं.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. सप्तशतीतली देवी मधु पिते आणि १९२२ ची देवी पिऊ नका म्हणते. या दोघींत विरोध आहे का? मला वाटत नाही. दोन्हीकडे निर्णय तिचा आहे. ‘नको’ म्हणणं हीसुद्धा पारखच आहे. किंबहुना ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या ‘हवं’ला काही किंमत नाही. पुढं काही वर्षांनी सुरतेकडच्या गावांत दोन तट पडले. सोडलेले ते वर्जेला आणि परत घेऊ लागले ते सरजेला. एकाच गावात दोन्ही राहिले. हा वाद त्यांचा होता आणि तो त्यांनी आपसात केला.

शहरात काय चाललं होतं? पुण्यात १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत वाढत्या दारूदुकानांबद्दल आवाज उठवला होता. १९१९ मध्ये गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यावर काही आठवड्यांनी. सुधाकर आणि सिंधू सगळ्यांना आठवतात. मी तुम्हाला तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आठवायला सांगतो. मित्रांनी जमून प्यायचं मंडळ, आणि त्याला थेट संस्थेचं रूप! गडकऱ्यांनी ते विनोदानं रंगवलं, पण त्यातला काटा खोल आहे. मैत्रीच्या नावाखाली माणूस एकमेकांना बुडवतो, आणि बुडवताना भाषा मात्र विचाराची, सुधारणेची वापरतो. आजच्या कुठल्याही बैठकीत ‘अरे एकच घे’ म्हणणारा एक तळीराम असतोच. मित्र खरा कोण? ज्याच्यासमोर पेला पालथा ठेवला तरी चेष्टा होत नाही, तो.

मग स्वातंत्र्य आलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. हेतू चांगला होता, शंका नाही. पण कायद्यात परवान्याची फट होती. प्रकृतीसाठी मद्य लागतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की परमिट मिळे. आता डॉक्टरचा असा कागद कुणाला मिळणार? वकिलाला, गिरणीमालकाला, की पाड्यावरच्या माणसाला? साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात कायद्यानं प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन. ‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो, तिचा अर्थ विचारत नाही. ती त्या १९४९ ची सावली आहे.

बंदीत आणि बंदीनंतर मोहाचं काय झालं? ती हातभट्टी झाली. पोलीस येतील म्हणून घाई, घाई म्हणून नवसागर, आणि कुठं कुठं त्याहून भयंकर. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ह्यूमच्या गोष्टीत पिंपाच्या तळाशी किल्ली निघाली होती. इथं तळाशी मरण होतं, आणि ते चाखून ओळखण्याची संधीच कुणाला नव्हती.

याउलट शेजारच्या गोव्याकडे बघा. १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीज राज्य, म्हणून आपली दारूबंदी तिथं गेलीच नाही. काजूचा रस तो नीरो, पहिल्यांदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. गोवेकर माणूस उन्हाळ्यात कुणाची उर्राक कशी उतरलीय यावर तासभर बोलेल. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. मोहाची भट्टी आणि काजूची भट्टी यांत तत्त्वतः फरक काय? काही नाही. फरक एवढाच, की एका ठिकाणी बोलायची मोकळीक होती, म्हणून शब्द टिकले.

आणि आता आपला नाशिक जिल्हा. द्राक्षं आपल्याकडे जुनी, पण वाईनची द्राक्षं अलीकडची. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या जाती लावल्या. २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक वाट मिळाली, ते चांगलंच झालं. आज गंगापूर धरणाच्या बाजूला लोक टेस्टिंगला जातात. पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा हे तिथं शिकवतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. माणूस सावकाश प्यायला शिकला तर ते वाईट नाही.

पण जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हाचा वाद आठवा. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं वाक्य तेव्हा सर्रास ऐकू यायचं. विरोध इतका झाला की निर्णय अमलात आला नाही. पण ते वाक्य तपासण्यासारखं आहे. बियरमध्ये साधारण पाच ते आठ टक्के अल्कोहोल, वाईनमध्ये बारा ते चौदा, आपल्या व्हिस्कीत ४२.८. रसायन तेच, प्रमाण वेगळं. यकृताला इंग्रजी लेबल वाचता येत नाही! जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मद्याचं अमुक प्रमाण पूर्ण निर्धोक, असं म्हणता येत नाही. मग वाईन दारू नसेल तर तिला कोण वाचवतं? तिची सोबत. ती कोण पितं, कुठं बसून पितं, यावरून आपण तिला दारूतून वगळतो.

नावाचा हा पगडा केवढा असतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांना बाटल्यांची नावं झाकून वाईन दिल्या. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाईनला गेला. नाव झाकलं आणि जीभ मोकळी झाली. आपल्या बंगळुरूच्या अमृत कंपनीनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट व्हिस्की मुद्दाम स्कॉटलंडात ग्लासगोला नेली, तेव्हा आव्हान हेच होतं, की आधी चाखा आणि मग लेबल वाचा.

मोहाच्या बाबतीत ही संधी आता कुठं मिळू लागलीय. २०१८ मध्ये डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाचं मद्य बाटलीत भरून उघड बाजारात आणलं. मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि ती गाळायचं काम आदिवासी गटांकडे सोपवायचं ठरवलं. शहरातल्या बारमध्ये आता मोहाचं कॉकटेल मिळतं. चांगलं आहे. पण मला भीती एकाच गोष्टीची वाटते. मोहाला प्रतिष्ठा मिळेल, वेचणारीला फक्त किलोचा भाव मिळेल, आणि पाड्यावर धाड पडायची ती पडतच राहील. १८७८ मध्ये हेच झालं होतं. मोह चालला, मोहवाला चालला नाही.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक, पाड्यावर जाऊन बघा, दारूनं घरं कशी बसली ती. खरं आहे. म्हणून शेवटचा मुद्दा बायकांचा. आपल्या राज्यात २००८ पासून नियम आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं तर दुकान बंद होतं. उभी बाटली की आडवी, हे त्या ठरवतात. मला हा नियम १९२२ च्या देवीचा वारस वाटतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या रेट्यानं दारूबंदी आली आणि टिकली. चंद्रपुरात २०१५ मध्ये केली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली. कुठं बंदी बरी, कुठं नाही, याचं एक उत्तर माझ्याकडे नाही. पण उत्तर देण्याचा अधिकार कुणाचा, हे मला स्पष्ट दिसतं. फूल जी वेचते, भट्टीचा धूर जिच्या डोळ्यांत जातो आणि रात्री झिंगलेला नवरा जिच्या दारात येतो, तिला एकाच वेळी दोन अधिकार हवेत. आपल्या मोहाचं चांगलं मद्य राजरोस गाळून योग्य भावानं विकण्याचा, आणि गावातली बाटली आडवी करण्याचा. हे दोन अधिकार एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपल्याला शिकवलं गेलंय. मला ते एकच वाटतात.

तेव्हा पुढच्या वेळी मित्रांबरोबर बसाल, कुणी पेला घेऊन, कुणी नुसतं लिंबू-पाणी घेऊन, तेव्हा चवीवर जरूर बोला, भांडासुद्धा. फक्त जाता जाता एवढं विचारा, की ही मोकळीक आणखी कुणाला आहे आणि कुणाला नाही. या प्रश्नावर तुमच्याही शंका असतील, हरकती असतील. त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलाय, म्हणून इथं थांबतो.